विश्वस्ताला पायउतार करण्याचा अधिकार

सार्वजनिक न्यासाचा विश्वस्त मालक नसतो. त्याच्या ताब्यात जे असते ते देवाचे, गावाचे, विद्यार्थ्यांचे किंवा रुग्णांचे असते, आणि त्याचा हिशेब त्याने द्यायचा असतो. हे तत्त्व न्यायालयात प्रस्थापित व्हायला आणि गैरवर्तन करणाऱ्या विश्वस्ताला पदावरून दूर करण्याचा रस्ता सामान्य माणसासाठी मोकळा व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या बोर नदीच्या खोऱ्यात हिंगणी हे गाव आहे. अशा गावातले देवस्थान, वाचनालय किंवा शाळा चालवणारी संस्था यांना आज जो कायदा लागू आहे, तो चिंचवडच्या गणपतीच्या आणि डाकोरच्या रणछोडरायाच्या खटल्यांतून घडत आला आहे. त्या कायद्याची वाटचाल म्हणजे आपल्याकडच्या सार्वजनिक जीवनाचाच एक इतिहास आहे.

सनदेकडून न्यायालयाकडे

पेशवाईत आणि नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात देवस्थानांना जमिनी व गावे इनाम मिळत. इनामाची सनद सरकारची असल्यामुळे त्यावरची अंतिम नजरही सरकारची असे. पूजा-अर्चा बंद पडली किंवा उत्पन्न भलतीकडे जाऊ लागले, तर तक्रार दरबारात जाई आणि प्रसंगी इनाम जप्त होई. वहिवाटदाराला जाब विचारणारी सत्ता एकच होती, ती म्हणजे राजसत्ता.

इंग्रजी अमलात सुरुवातीला कंपनी सरकारनेच ही जबाबदारी घेतली. बंगालमध्ये १८१० साली आणि मद्रासेत १८१७ साली तसे विनियम झाले. पण ख्रिस्ती सरकारने हिंदूंची देवळे आणि मुसलमानांच्या मशिदी सांभाळाव्यात याला मिशनऱ्यांनी इंग्लंडमध्ये जोरदार विरोध केला. त्याचा परिणाम म्हणून १८६३ च्या धार्मिक देणगी कायद्याने सरकारने या कारभारातून अंग काढून घेतले. देवस्थानांवर देखरेख करण्यासाठी स्थानिक समित्या नेमल्या गेल्या. विश्वस्ताने कर्तव्यात कसूर केली किंवा विश्वासघात केला, तर हितसंबंधी माणसाला त्याच्यावर दावा लावता येईल आणि न्यायालय त्याला पदावरून काढू शकेल, अशी तरतूदही त्या कायद्यात होती. मात्र मुंबई इलाख्यात तो कानडा जिल्ह्यापुरताच लागू झाला. पुणे, सातारा, नाशिक, सोलापूर या जिल्ह्यांतली मोठी देवस्थाने त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. सरकारची देखरेख सैल झाली आणि तिची जागा घेणारी दुसरी यंत्रणा उभी राहिली नाही. या पोकळीत अनेक ठिकाणी वहिवाटदारांची वहिवाट मालकीसारखी होऊन बसली.

वर्ध्याकडची स्थिती थोडी वेगळी होती. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांत बनला आणि १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. इथली जमीनव्यवस्था मालगुजारीची होती. गावचे देऊळ पुष्कळदा मालगुजाराने बांधलेले असे, पूजेचा खर्च त्याच्याच वाड्यातून होई आणि देवाची जमीनही त्याच्याच कागदांत मिसळून गेलेली असे. देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्याला या भागात ‘सर्वराकार’ म्हणत. देऊळ गावाचे की घराण्याचे, हा प्रश्न मालगुजार हयात असेपर्यंत कोणी विचारत नसे. वाटण्या झाल्या किंवा जमीन विकायची वेळ आली की तो उभा राही, आणि तोवर सांगणारी माणसे व कागद दोन्ही विरळ झालेले असत.

डाकोरचा निकाल

१८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ५३९ आले. सार्वजनिक धर्मादाय किंवा धार्मिक न्यासात विश्वासघात झाला असेल, तर दोन किंवा अधिक हितसंबंधी व्यक्तींना ॲडव्होकेट जनरलची लेखी संमती घेऊन जिल्हा न्यायालयात दावा लावता येऊ लागला. नवे विश्वस्त नेमणे, मालमत्ता त्यांच्या स्वाधीन करणे आणि कारभाराची योजना आखून देणे, अशा गोष्टी मागण्याची सोय या कलमाने केली. १८८२ च्या नव्या संहितेतही हेच कलम कायम राहिले.

या काळातला सर्वांत दूरगामी निकाल डाकोरच्या प्रकरणात लागला. खेडा जिल्ह्यातले रणछोडरायाचे हे देऊळ १७७२ साली गोपाळ जगन्नाथ तांबेकर या मराठी सावकाराने बांधले आणि त्याची व्यवस्था तांबेकर घराण्याकडे चालत आली. देवाच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या असलेले सेवक देवापुढे आलेल्या भेटी आपल्याच समजून घेत असत. मनोहर गणेश तांबेकर आणि इतरांनी त्यांच्याविरुद्ध दावा लावला. लखमीराम गोविंदराम आणि इतर सेवक प्रतिवादी होते. देवाला वाहिलेली वस्तू सेवकाच्या हातात पडली की ती त्याची झाली, असे सेवकांचे म्हणणे होते.

मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेमंड वेस्ट यांच्यापुढे हे प्रकरण आले आणि १८८७ मध्ये निकाल लागला. हिंदू धर्मशास्त्रात देवता किंवा धर्मकार्य हे स्वतःच मालमत्तेचे धनी होऊ शकते. त्यासाठी इंग्रजी पद्धतीचा न्यासपत्राचा दस्तऐवज लागत नाही. देवाला दिलेले धन जो ताब्यात घेतो त्याच्यावर ते जपण्याची आणि हिशेब देण्याची जबाबदारी येते, मग त्याला कोणी रीतसर विश्वस्त नेमलेले असो वा नसो. सेवकांना भेटींचा हिशेब द्यावा लागेल आणि देवस्थानासाठी योजना आखली जाईल, असे ठरले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८९९ साली तिथेही सेवकांच्या विरुद्धच निर्णय झाला.

या निकालाचे महत्त्व मोठे आहे. आपल्या बहुतेक जुन्या देवस्थानांना न्यासपत्र नव्हतेच. होती ती सनद, परंपरा आणि लोकांची श्रद्धा. न्यासपत्र नाही म्हणून न्यास नाही, आणि न्यास नाही म्हणून हिशेब नाही, अशी पळवाट मान्य झाली असती तर जवळजवळ सगळीच देवस्थाने वहिवाटदारांच्या खिशात गेली असती. डाकोरच्या निकालाने ती पळवाट बुजवली.

चिंचवड आणि ‘काढणे’ हा शब्द

कलम ५३९ मध्ये एक उणीव होती. त्यात नवा विश्वस्त नेमण्याचा उल्लेख होता, पण जुन्याला काढण्याचा नव्हता. मग जागा रिकामी झाल्याशिवाय ती भरायची कशी? जुना विश्वस्त गैरकारभार करीत असूनही हटायला तयार नसेल, तर न्यायालयाने काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ चिंचवडच्या देवस्थानामुळे आली. मोरया गोसावींच्या समाधीचे चिंचवड हे गाणपत्य संप्रदायाचे मोठे स्थान. माघात आणि भाद्रपदात इथून मोरगावला पालखी जाते. मोरया गोसावींच्या वंशातल्या सात पिढ्यांच्या पुरुषांमध्ये गणपतीचा अंश आहे, अशी श्रद्धा होती आणि त्यांना ‘देव’ म्हणत. संस्थानाला सनदांनी मिळालेली इनाम गावे होती. १८१० साली मूळ वंश खुंटला तेव्हा इनामे सरकारजमा होऊ नयेत म्हणून दूरच्या नात्यातला मुलगा गादीवर आणला गेला. पुढे या संस्थानाच्या कारभारावरून वाद पेटला आणि तो न्यायालयात पोचला. ‘चिंतामण बजाजी देव विरुद्ध धोंडो गणेश देव’ या खटल्याच्या नावातच दोन्ही बाजू देव घराण्याच्या असल्याचे दिसते.

मुंबई उच्च न्यायालयाने १८८८ मध्ये असा अर्थ लावला की नवा विश्वस्त नेमण्याच्या अधिकारात जुन्याला दूर करण्याचा अधिकार अंतर्भूत आहे. तसे नसेल तर कलमाचा हेतूच विफल होईल. मद्रास उच्च न्यायालयाला हे पटले नाही. कलमात जो शब्द नाही तो न्यायालयाने घालू नये, असे तिथल्या न्यायाधीशांचे मत पडले. एकाच देशात एकच कलम असताना मुंबईत विश्वस्ताला काढता येत होते आणि मद्रासेत येत नव्हते. हा मतभेद वीस वर्षे टिकला.

त्याच १८८८ साली आणखी एक बदल झाला. दावा लावणाऱ्याचा न्यासात ‘प्रत्यक्ष’ हितसंबंध हवा, अशी मूळची अट होती. दुरुस्तीने ‘प्रत्यक्ष’ हा शब्द गेला. देवळात नेमाने दर्शनाला जाणारा भक्त, ज्याला न्यासाच्या उत्पन्नातून एक पैही मिळत नाही, त्यालाही आता फिर्याद करता येऊ लागली. सार्वजनिक न्यासाच्या इतिहासात हा छोटा बदल फार मोलाचा ठरला, कारण बहुतेक लाभार्थी असेच निरपेक्ष असतात.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ५३९ च्या जागी कलम ९२ आले. न्यायालयाकडे काय मागता येईल याची यादी त्यात आहे, आणि तिच्यातली पहिली मागणी अशी: विश्वस्ताला पदावरून काढणे. चिंचवडच्या खटल्यात मुंबईच्या न्यायाधीशांनी अर्थ लावून जे मान्य केले होते, ते आता संहितेच्या अक्षरांतच आले.

काढायचे कशासाठी

विश्वस्ताला काढणे ही त्याला दिलेली शिक्षा आहे का? या प्रश्नाचे उत्तर प्रिव्ही कौन्सिलने १८८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीतून आलेल्या एका प्रकरणात दिले होते, आणि भारतातल्या न्यायालयांनी ते पुढे वारंवार आधारासाठी घेतले. लॉर्ड ब्लॅकबर्न यांनी लिहिलेल्या या निर्णयाचा आशय असा की न्यायालयाने मुख्यतः लाभार्थींचे हित पाहावे. विश्वस्ताची प्रत्येक चूक त्याला काढण्यास पुरेशी नसते आणि विश्वस्त व लाभार्थी यांचे पटत नाही एवढ्यानेही काढता येत नाही. त्याच्या हातात न्यास राहिला तर न्यासाचे नुकसान होईल का, हा खरा निकष.

प्रामाणिकपणे केलेली चूक, निर्णयाबद्दलचा मतभेद आणि विश्वासघात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्ध्याचेच उदाहरण यासाठी बोलके आहे. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज आणि त्यांचे सहकारी विश्वस्त यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. सनातनी मंडळींना तो धर्मावरचा घाला वाटला. पण विश्वस्तांनी त्यात आपला काही लाभ साधला नव्हता. देवाचे दार त्यांनी अधिक भक्तांना उघडले होते. लोकांची नाराजी ओढवून घेणारा विश्वस्त गैरवर्तनी ठरत नाही. न्यासाच्या हेतूशी बेइमान होणारा ठरतो.

आरोप झालेला प्रत्येक विश्वस्त दोषी नसतो, याचेही एक मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. पुण्याचे सरदार बाबा महाराज ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. आपल्या मिळकतीची व्यवस्था पाहण्यासाठी त्यांनी मृत्युपत्रात जी मंडळी नेमली त्यांत लोकमान्य टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. हा न्यास खासगी कुटुंबाचा होता, सार्वजनिक नव्हता. पण विश्वस्तावर गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्याला बाजूला करण्याचा प्रयत्न कुठवर जाऊ शकतो हे त्यातून दिसते. १९०१ मध्ये दत्तकावरून बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज आणि विश्वस्त यांच्यात वाद झाला. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी १९०२ मध्ये विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द केले आणि टिळकांवर फौजदारी खटला भरण्याची व्यवस्था केली. १९०३ मध्ये टिळकांना खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली. मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि मार्च १९१५ मध्ये तिथे टिळकांची बाजू खरी ठरली. मित्राला दिलेला शब्द पाळण्यासाठी एका विश्वस्ताने चौदा वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या झिजवल्या. पुढे कायद्यात दोषारोप लेखी ठेवण्याची आणि विश्वस्ताला उलटतपासणीची संधी देण्याची जी सक्ती आली, तिचे मोल अशा प्रकरणांवरून कळते.

कलम ९२ च्या मर्यादा

कलम ९२ कागदावर भक्कम होते, पण ते वापरणे सोपे नव्हते. दोन माणसे पुढे यावी लागत, सरकारी संमती मिळवावी लागे, वकील लावावा लागे आणि देवस्थानच्या पैशाने लढणाऱ्या वहिवाटदाराशी स्वतःच्या पैशाने लढावे लागे. सर्वांत मोठी अडचण पुराव्याची होती. न्यासाची नोंद कुठेच नव्हती. मालमत्ता किती, उत्पन्न किती, विश्वस्त कोण, हे दाव्यातच सिद्ध करावे लागे आणि सगळी कागदपत्रे ज्याच्यावर आरोप असे त्याच्याच पेटीत असत.

१९२० च्या धर्मादाय व धार्मिक न्यास कायद्याने हितसंबंधी व्यक्तीला न्यायालयामार्फत हिशेब मागण्याची सोय दिली. मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये न्यासांच्या नोंदणीचा कायदा झाला. काही ठिकाणी न्यायालयाने आखून दिलेल्या योजनेतून संस्थाच नव्याने उभ्या राहिल्या. शिर्डीला साईबाबांच्या समाधीनंतर १९२२ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेवर संस्थानाचा कारभार सुरू झाला. तरीही बहुसंख्य लहान न्यास कोणाच्याही नजरेखाली नव्हते.

१९५० चा कायदा

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४८ मध्ये न्या. तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींच्या पाठोपाठ मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० आला. सर्व धर्मांच्या सार्वजनिक न्यासांना एकच कायदा लागू झाला. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थाही ‘सार्वजनिक न्यास’ या व्याख्येत घेतल्या गेल्या. त्यामुळे शाळा चालवणाऱ्या मंडळाचा कार्यकारिणी सदस्य आणि देवळाचा पंच हे दोघेही कायद्याच्या दृष्टीने विश्वस्तच ठरले.

या कायद्याने धर्मादाय आयुक्त हे नवे पद निर्माण केले. प्रत्येक न्यासाची नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी आयुक्तांची परवानगी या गोष्टी बंधनकारक झाल्या. विश्वस्ताच्या गैरकृत्याने किंवा घोर हयगयीने न्यासाचे नुकसान झाले, तर ते त्याच्याकडून वसूल करता येऊ लागले. दिवाणी संहितेचे कलम ९२ या न्यासांपुरते बाजूला झाले आणि त्याची जागा कलम ५० ने घेतली. विश्वस्ताला काढण्यासाठीचा दावा आयुक्त स्वतः लावू शकत होते, किंवा दोन वा अधिक हितसंबंधी व्यक्ती त्यांच्या लेखी संमतीने लावू शकत होत्या. संमती नाकारली तर दाद मागण्याचीही सोय होती.

या कायद्याला रतिलाल पानाचंद गांधी आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त यांनी आव्हान दिले. मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरवला. धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद मात्र घटनाबाह्य ठरली. सरकारने कारभारावर नजर ठेवावी आणि गैरकारभार थांबवावा, पण देवाच्या गाभाऱ्यात स्वतः जाऊन बसू नये, अशी ही सीमारेषा होती.

देवस्थान सार्वजनिक की खासगी, हा जुना वादही सुरूच होता. विश्वस्तावर कारवाई सुरू झाली की पहिला बचाव ठरलेला असतो: ‘हे देऊळ आमच्या घराण्याचे आहे.’ नाशिकच्या बालाजी संस्थानाबद्दल हाच बचाव सर्वोच्च न्यायालयापुढे आला. देवाला मिळालेल्या सनदा आणि लोकांची उपासना पाहून न्यायालयाने १९५९ मध्ये ते संस्थान सार्वजनिक ठरवले.

विदर्भात हा कायदा कसा आला

१९५० चा मुंबईचा कायदा झाला तेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. मालगुजाराच्या वाड्याशी बांधलेली देवळे आता गावाच्या पंचांकडे किंवा नव्या समित्यांकडे जाऊ लागली. त्याच वर्षी मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम आला. त्यात जिल्ह्याचा कलेक्टरच न्यासांचा निबंधक होता. कारभारात बिघाड दिसला की प्रकरण न्यायालयापुढे जाई आणि न्यायालय विश्वस्ताला काढून नवा नेमू शके.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. एकाच राज्यात आता न्यासांचे वेगवेगळे कायदे झाले होते. ते एक करण्यासाठी १९५९ चा एकीकरण व सुधारणा कायदा झाला आणि साठच्या दशकाच्या आरंभी मुंबईचा कायदा विदर्भात लागू झाला. पुढे महाराष्ट्रातल्या जुन्या कायद्यांच्या नावांतला ‘मुंबई’ हा शब्द बदलला गेला, तेव्हापासून हा कायदा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जातो.

१९७१ ची सुधारणा आणि कलम ४१ ड

दोन दशकांच्या अनुभवाने दिसले की प्रत्येक तक्रारीसाठी दिवाणी दावा लावणे वेळखाऊ आहे. १९७१ च्या सुधारणेने विश्वस्ताला निलंबित करण्याचा, पदावरून काढण्याचा किंवा बडतर्फ करण्याचा अधिकार कलम ४१ ड खाली थेट धर्मादाय आयुक्तांना मिळाला. आज महाराष्ट्रात गैरवर्तनी विश्वस्ताविरुद्ध सर्वाधिक आधार घेतला जातो तो याच कलमाचा.

कारणे कायद्यानेच मोजून दिली आहेत. हिशेब, अहवाल किंवा विवरणे सादर करण्यात सतत कसूर. आयुक्तांच्या कायदेशीर आदेशाची जाणूनबुजून अवज्ञा. कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष, गैरकृत्य किंवा विश्वासघात. न्यासाच्या मालमत्तेचा अपहार किंवा गैरवापर. विश्वस्तपदाशी विसंगत असे न्यासातले दुसरे पद स्वीकारणे. आणि नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरणे. यांपैकी एखादे कारण सिद्ध झाले तरच विश्वस्ताला काढता येते. गटबाजी, निवडणुकीतला पराभव किंवा गावातली भाऊबंदकी या यादीत नाही.

हिंगणीच्या परिसरातल्या एखाद्या न्यासाबाबत हे कसे घडते, ते कागदांच्या क्रमाने पाहता येते. सुरुवात होते वर्ध्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून. तिथे न्यासाच्या नोंदीचा उतारा मिळतो. लोक त्याला ‘शेड्यूल वन’ म्हणतात. हिंदू धार्मिक न्यासाचा क्रमांक ‘ए’ या अक्षराने आणि नोंदणीकृत संस्थेचा ‘एफ’ने सुरू होतो. या एका कागदावर विश्वस्तांची नावे, वारसाची पद्धत आणि जमिनीचे गट क्रमांक असतात. त्याच्याशेजारी सात-बाराचा उतारा ठेवला की पुष्कळ गोष्टी उलगडतात: नोंदीत देवाच्या नावे असलेली जमीन सात-बारावर कोणाच्या नावे झाली आहे, ती विकण्यापूर्वी परवानगी घेतली होती का, आणि तिचे पैसे लेखापरीक्षणाच्या अहवालात दिसतात का. लेखापरीक्षकाने अनियमितता नोंदवणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य असल्यामुळे तो अहवाल तक्रारदाराचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार ठरतो.

सहविश्वस्त किंवा न्यासाशी हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते. आयुक्त आपणहूनही कारवाई सुरू करू शकतात. कलम ४१ ब खाली आधी चौकशी होऊन अहवाल जाऊ शकतो. प्रथमदर्शनी तथ्य दिसले की विश्वस्ताविरुद्ध लेखी दोषारोप ठेवले जातात. त्याला त्यांना उत्तर देण्याची, विरुद्ध पुरावा तपासून पाहण्याची आणि स्वतःचा पुरावा देण्याची संधी मिळालीच पाहिजे. चौकशी चालू असताना त्याला निलंबित करता येते. मालमत्ता विकली किंवा उधळली जाण्याची भीती असेल तर कलम ४१ ई खाली मनाई हुकूम मिळतो. शेवटचा आदेश कारणांसह लेखी असावा लागतो.

न्यायालय या व्यवस्थेतून बाहेर गेलेले नाही. काढून टाकलेल्या विश्वस्ताला नव्वद दिवसांत न्यायालयाकडे दाद मागण्याची सोय कलमातच ठेवली गेली. मुंबईत ते शहर दिवाणी न्यायालय, इतरत्र जिल्हा न्यायालय. त्यापुढे विदर्भातली प्रकरणे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जातात. दोषारोप संदिग्ध ठेवले किंवा उलटतपासणी नाकारली, तर गंभीर आरोप असूनही आदेश टिकत नाही. म्हणून तक्रारदाराने रागापेक्षा कागद जमवणे अधिक महत्त्वाचे ठरते.

एका विश्वस्ताच्या पलीकडे

काही ठिकाणी बिघाड एका माणसाचा नसतो, तर संपूर्ण व्यवस्थेचा असतो. तिथे एखाद्याला काढून भागत नाही. पंढरपुरात बडवे, उत्पात आणि पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे या सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क होते. वारकऱ्यांच्या तक्रारींनंतर नेमलेल्या नाडकर्णी आयोगाने १९७० मध्ये अहवाल दिला आणि १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने हे हक्क संपुष्टात आणले. त्याविरुद्धची न्यायालयीन लढाई जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपली. वारकऱ्यांच्या विठ्ठलाचे देऊळ वारकऱ्यांचे ठरायला चाळीस वर्षे गेली.

शिर्डीसाठी २००४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि विश्वस्त मंडळ नेमण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आला. पण सरकारने नेमलेले मंडळही न्यायालयीन तपासणीपलीकडचे नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१२ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२२ मध्ये तिथले मंडळ बाजूला केले. विश्वस्त वंशपरंपरेने आलेला असो, निवडून आलेला असो की सरकारने बसवलेला असो, न्यायालयापुढे त्याची जबाबदारी सारखीच आहे.

आदेशानंतर

विश्वस्ताला काढण्याचा आदेश झाला म्हणजे प्रकरण मिटले असे होत नाही. रिकामी जागा न्यासाच्या घटनेनुसार किंवा योजनेनुसार भरावी लागते. तसे होत नसेल तर कलम ४७ खाली हितसंबंधी व्यक्तींच्या अर्जावरून नेमणूक होते. जुन्या विश्वस्ताकडून रोकड, दप्तर, चेकबुके, दागिने आणि किल्ल्या ताब्यात घ्याव्या लागतात. या बदलाची माहिती कलम २२ खाली नव्वद दिवसांत नोंदणी कार्यालयाला द्यायची असते. या ‘चेंज रिपोर्ट’ची चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात आणि मग नोंदवहीतले जुने नाव कमी होऊन नवे चढते. पेशवाईत जी नोंद दरबारी सनदेत होती आणि इंग्रजी अमलात वहिवाटदाराच्या पेटीत बंद झाली होती, ती आज वर्ध्याच्या कार्यालयातल्या वहीत आहे. हिंगणीच्या कोणाही रहिवाशाला अर्ज करून तिची नक्कल मागता येते.